सुमतीची नजर

३ ऑगस्ट
दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. "बाई, कथा झकास, पण तुमच्या सुमतीला डोळेच नाहीत हो. 'पाणीदार, टपोरे' म्हणजे काय? कॅलेंडरमधली देवी आहे का ती?" मेल्याला बोलायला काय जातं! इथे शाळेत शिकवायचं, त्यात परवा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. रंग नको, नजर लिहा म्हणे.

४ ऑगस्ट
जमलं! 'सुमती समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसे. ती गळ्याकडे बघे, आणि बघताना तिची पापणी लवत नसे.' माझ्याच अंगावर काटा आला. आईला वाचून दाखवलं. "बया गं! असली बाई घरात नको हां."

६ ऑगस्ट
काल ऑपरेशन. आज पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं समोर धरून विचारलं, "अम्मा, कितने?" आईने बरोबर सांगितलं. पण बघत होती त्यांच्या गळ्याकडे. येताना रिक्षात माझ्या गळ्याकडे. उजेड सोसत नसेल.

८ ऑगस्ट
टीव्ही नीट बघते, तांदूळ निवडते. मी समोर आले की नजर गळ्यावर. पापणी लवतच नाही.
"काय बघतेस आई?"
"तुलाच की."
आवाज आईचाच.
दादा वडपे गावातल्या गोडाऊनची ड्युटी संपवून भेटायला आला. जाताना शर्टाचं वरचं बटण लावून गेला. एवढ्या उकाड्यात.

९ ऑगस्ट
वेडेपणाच, पण दुपारी कथेतली ती दोन वाक्यं खोडली. लगेच आतून हाक, "लाइट गेली का गं?"
भर दुपारी! शेजारच्या कारखान्यातले लूम धडधडत होते, म्हणजे लाइट होती. आत गेले तर आई भिंत चाचपडतेय. पळत आले, दोन्ही वाक्यं पुन्हा लिहिली, शब्द न् शब्द.
"आली," आई म्हणाली. नि गळ्याकडे बघायला लागली.
भीती वाटते. आईची. हे लिहितानाही लाज वाटते.

११ ऑगस्ट
डॉक्टर म्हणतात, डोळे उत्तम. कथा देत नाही म्हणून संपादकांना कळवलं. फरक शून्य.
मग सुचलं, खोडायचं नाही, बदलायचं. सुमतीला आईचेच डोळे द्यायचे, आधीचे. बसले लिहायला.
काळे? तपकिरी? हसली की बारीक व्हायचे? जन्मभर समोर होती, एक वाक्य येईना. जुने फोटो कपाटातून काढले. सगळीकडे खाली बघतेय, नाहीतर कुणाच्या तरी ताटाकडे. दादाला फोन केला. "अगं, आईचे डोळे म्हणजे… आपले नेहमीचेच." दोघं रडलो.

१२ ऑगस्ट
शाळेला दांडी. आईने विचारलं, काय लिहितेस. म्हटलं, तुझे डोळे. खुर्ची ओढून समोरच बसली.
"बघ नि लिही."
"आई, आधीचे हवेत गं."
"आधीचे कुणाचे?"
अजून बसलीय. 'काळे' एवढंच लिहिलंय, तेही अंदाजाने. चुकीचं लिहिलं तर तेच डोळे आईला कायमचे राहतील…