बिनूचा फोन मी उचलला

प्रिय मंदा,

तुझं नाव मी कधी चारचौघांत घेतलं नाही. पत्रात घेतलं तर चालेल ना?

त्या दिवशी सकाळी नेहमीसारखा विहारात गेलो. झाडलोट केली, मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. बाहेर येऊन चप्पल घालतो न घालतो तोच खिशात फोन वाजला. बिनूचा, आपल्या जावयाचा. तू गेल्यापासून त्याचा फोन आला की मी तो वाजू द्यायचो. उचललाच तर 'ओके, ओके, थँक यू' म्हणून ठेवून द्यायचो. त्या सकाळी मात्र उचलला, आणि ठेवला नाही. पुढे काय झालं ते सांगायला तुझ्यासारखं दुसरं कोण आहे मला? म्हणून हे पत्र.

फोन हे तुझं खातं होतं, मंदा. रविवारी रिंग वाजली की हात पिठाचे असले तरी तू धावायचीस. प्रज्ञाशी चार शब्द झाले की म्हणायचीस, "जवायाले दे वो." त्याला मराठी येत नाही, हिंदी तोडकीमोडकी, आपल्याला मल्याळम नाही. मधे उरली इंग्रजी. ती तुला मुळीच येत नव्हती, तरी तूच बोलायचीस! आणि पाचवीपासून इंग्रजी शिकलेला मी मागे खाटेवर गप्प.

आमच्या शाळेत गुरुजी इंग्रजी शब्द फळ्यावर लिहीत, समोर मराठी अर्थ. आम्ही पाठ करायचो. ते शब्द मला अजून येतात. पण बिनू बोलायला लागला की शब्द सगळे ओळखीचे आणि वाक्य अनोळखी. हे असं कसं होतं, हे मला कोणी शिकवलंच नाही.

तुला तो हिवाळा आठवतो? बिनू म्हणाला, "आय ॲम अंडर द वेदर." तू वळून माझ्याकडे पाहिलंस.

"का म्हणते तो? तुमाले तर इंग्रजी येते ना?"

मी शब्द लावले आणि सांगितलं, "तो हवामानाखाली आहे म्हणते."

"हवामानाखाली तर सगळेच असते! त्यात काय सांगाचं?" तू स्क्रीनजवळ डोळे नेलेस. "अवो, तोंड पाहा ना त्याचं. नाक लाल झालं. सर्दी झाली लेकराले."

आणि चुलीजवळून आल्याचा तुकडा आणून तू त्याच्यापुढे नाचवलास. "बिनू! अद्रक! काढा!" तो हसत हसत शिंकला. मग मी डिक्शनरी काढली. तुझंच बरोबर निघालं. किती दिवस मला चिडवलंस तू! राइस मिलमधून घामेजून आलो की विचारायचीस, "काऊन, आज हवामानाखाली का?"

लग्नात त्याच्या आईजवळ बसून तू तासभर काय बोलत होतीस? ती मल्याळममध्ये, तू आपल्या झाडी बोलीत. मी विचारलं तर म्हणालीस, "धानाचं बोलत होतो. त्यांच्याकडेही रोवणी वाकूनच करते बायका." कळलं कसं म्हटलं तर म्हणालीस, "कंबर धरून दाखवली ना तिनं."

एवढं सगळं येत होतं तुला, तर जाताना थोडं मला शिकवून का गेली नाहीस? फोन माझ्या हातात ठेवलास आणि निघून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस, मंदा.

तू गेल्यावर वर्ष सरायच्या आत प्रज्ञाला दिवस गेले. तू असतीस तर ती बाळंतपणाला माहेरी आली असती. आता कोणाच्या भरवशावर येणार? ती म्हणायची, "बाबा, मले येता येत नाई, तर तुम्हीच या ना." मी म्हणायचो, मिलचा सीझन आहे. सीझन संपला. मग म्हणालो, गुडघा दुखते. खरं कारण तुला ठाऊक आहे. त्या घरात दिवसभर मी काय बोलणार होतो? माणसं प्रेमाने काही विचारतील आणि मी दाराच्या खुंटीसारखा उभा राहीन!

एकदा प्रज्ञा रडली. "बाबा, बिनू म्हणते, पापांना मी पसंतच नाई. माझा आवाज आयकला का फोन ठेवून देतात म्हणते."

तो पोरगा एवढे महिने हे मनात घेऊन फिरत होता, आणि तरी दर रविवारी फोन लावत होता!

तर ती सकाळ. फोन उचलला. त्याचा आवाज कापत होता. "पापा, वुई आर इन हॉस्पिटल. प्रज्ञा इन लेबर रूम. आय ॲम ऑन पिन्स अँड नीडल्स."

पिन्स म्हणजे टाचण्या. नीडल्स म्हणजे सुया. हॉस्पिटल आणि सुया! माझ्या पोरीला काय टोचून राह्यले हे लोक? तोंडात 'ओके, ओके' आलंच होतं. तेवढ्यात तूच मागून बोललीस असं वाटलं, "इचारा ना! तोंड कोणी शिवलं का तुमचं?"

"बिनू," मी म्हणालो, "आय नॉट अंडरस्टँड. नीडल... प्रज्ञा?"

तो लहान पोराशी बोलावं तसा सावकाश बोलू लागला. "नो, नो, पापा! प्रज्ञा फाइन. नो नीडल. आय वेटिंग. आय वरीड."

वरीड! हा तर फळ्यावरचा शब्द. जीव भांड्यात पडला माझा. म्हटलं, मलाही तेच होतंय हे त्याला सांगावं. "मी टू. इन माय स्टमक, बॉल."

"बॉल? पापा, इन स्टमक? डॉक्टरला दाखवलं?" हे 'डॉक्टरला दाखवलं' त्याने प्रज्ञाकडून उचललेलं.

"नो डॉक्टर! मराठी. फिअर कम, बॉल इन स्टमक."

हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो एवढा हसला, एवढा हसला, की हसता हसता रडायलाच लागला. मग म्हणाला, "आय थॉट यू डोन्ट लाइक मी, पापा."

हे वाक्य मला एका दमात समजलं. मी विहाराच्या पायरीवर बसलो. "आय लाइक," मी म्हणालो. "आय नॉट अंडरस्टँड, सो आय कट. शेम."

"पापा, आय ऑल्सो नॉट अंडरस्टँड मराठी. आई टॉकिंग, आय ओन्ली सेड येस, येस."

ऐकलंस? तुझं बोलणं त्याला समजतच नव्हतं! तू बोलायचीस, तो हो म्हणायचा, आणि तुमचं दोघांचं छान चाललं होतं. मीच वेडा, अर्थ लावत बसलो.

आम्ही बोलत राहिलो. मधे बोलणं संपलं की नुसते फोन धरून बसायचो. उन्हं वर आली तेव्हा त्याच्या मागून कोणी ओरडलं, आणि तो म्हणाला, "गर्ल, पापा! गर्ल!"

मुलगी झाली, मंदा. दोघी सुखरूप आहेत.

शेजारच्या कुंदाबाईने डिंकाचे लाडू करून दिले, डिंक आपल्याच जंगलातला. नागभीडहून बल्लारशाला आलो आणि दक्षिणेकडच्या गाडीत बसलो. गाडीत रात्रभर तुझा फोटो पिशवीतून काढून पाहत होतो. बाळंतपणाला आईने जायचं, तिथे बाप निघाला. हसली असशील तू.

काल तुझ्या विहीणबाईंनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. बिनू वाकून म्हणाला, "पापा, शी इज द स्पिटिंग इमेज ऑफ आई." स्पिटिंग म्हणजे थुंकणं. मी दचकलो. पण आता मला विचारता येतं.

"व्हॉट मीन?"

भिंतीवर लावलेल्या तुझ्या फोटोकडे त्याने बोट केलं, मग बाळाच्या हनुवटीकडे. मी पाहिलं. हुबेहूब तूच, गं! मग त्याला 'हुबेहूब' शिकवला. त्याला तो म्हणता येत नाही. आज सकाळपासून घरभर म्हणत फिरतोय.

मंदा, तुला शब्द देतो. रविवारचा फोन यापुढे मीच लावीन. या पोरीशी आपल्या बोलीतच बोलीन, आणि कुठे काही कळलं नाही तर विचारायला तिला लाजू देणार नाही.

मिलच्या मालकाला कळवून टाकलं, महिनाभर येत नाही. गुडघ्याचं नाव घेतलं नाही. पोरीच्या बाळंतपणाला आलोय, असंच सांगितलं.

तुझा,
प्रज्ञाचे बाबा