टीनिया प्रतापी

२५ ऑक्टोबर १९५३, रविवार
दसऱ्याची राहून गेलेली शिकार आज इंदूरजवळ बेटम्याच्या रानात झाली. रानडुक्कर. मांस निखाऱ्यावर होतं तेव्हा दाजी म्हणाले, अभी कच्चं आहे भिया, जरा थांबा. मी ऐकवलं, आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, शिजायची वाट बघत बसले नाहीत. चार तुकडे उचलले. दाजींचे पूर्वज बहुधा मुदपाकखान्यात असावेत.

२ नोव्हेंबर
जेवताना दाजी म्हणाले, ताईकडे राहून तीन वर्षं झाली, आता संक्रांतीपर्यंत स्वतःची खोली बघा. ताई वाढता वाढता थांबली. मला वाईट वाटलं. पण कॉलेजातला हा प्राणिशास्त्राचा साधा डेमॉन्स्ट्रेटर कोण आहे, हे त्यांना कुठे ठाऊक! एखादा नवा चपटा कृमी शोधायचा, पेपर छापायचा, लेक्चरर व्हायचं. मग दाजीच म्हणतील, जाऊ नका. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

३ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
थंडी फार. सोमवारपासून.

१५ नोव्हेंबर
खाटकाकडून बकऱ्याची कलेजी आणली. तीत पानासारखे कृमी सापडतात. एकही नाही. ताईनं मग ती परतली. विज्ञानाचं नुकसान, पण चव उत्तम.

२० डिसेंबर
भूक वाढली आहे. ताई विचारते, एवढं खातोस ते जातं कुठे? ब्रेनवर्क.

३ जानेवारी १९५४
सापडला! सतरंजीवर भोपळ्याच्या बियांसारखे पांढरे, चपटे तुकडे. वळवळणारे! घरचा कुत्रा टायगर माझ्या पायाशीच झोपतो. म्हणजे कृमी त्याचाच. पुस्तकातल्या कुत्र्याच्या कृमीशी जुळत नाही, म्हणजे जात नवी. नाव दाजींचं देणार: टीनिया प्रतापी. टीनिया हे चपट्या कृमींचं घराणं, प्रताप म्हणजे दाजी. आता मला घरातून कसे काढतात बघू. दाजींना सांगितलं. त्यांना आनंद झालेला दिसला नाही.

५ जानेवारी
टायगरला एरंडेल पाजलं. बैठकीतला गालिचा धुवायला गेला. कृमी नाही.

७ जानेवारी
टायगर खोलीत पाऊल टाकत नाही. तरी सतरंजीवर पुन्हा बिया! विलक्षण जात. कुत्र्यावाचूनही येते.

९ जानेवारी
स्लाइड आमचे हेड नानासाहेब यांना दाखवली. ते बराच वेळ मायक्रोस्कोपमध्ये बघत होते, मग माझ्याकडे. विचारलं, डुक्कर कधी खाल्लं होतंत? म्हणाले, हा कुत्र्यात राहत नाही, माणसात राहतो. फार जुनी जात आहे, पुस्तकात चित्रही आहे.
पुस्तकातलं ते पान मी उघडलं नव्हतं.

१३ जानेवारी
औषध घेतलं. सहा हात लांब निघाला. संतापच आला. दाजींना म्हणालो, दुसऱ्याच्या जिवावर महिनोन्महिने खायचं, वर काडीचा उपयोग नाही, निर्लज्जपणाला काही हद्द?
दाजींनी मान डोलावली. म्हणाले, हमको तो तीन साल हो गए, भिया.

१४ जानेवारी, संक्रांत
ताईनं तिळगूळ दिला आणि रडली. मलाही भरून आलं. राजवाड्यामागे खोली घेतली. बरी आहे. चूल मात्र आपली आपणच पेटवायची आहे.