सायलीने गाळलेली ओळ

७ जुलै, सोमवार
सायले, छत्री शाळेत विसरतेस, आज काय झालं तेपण विसरशील. म्हणून मी, तुझी आजी, बोलते, तू लिही. मला अक्षर येत नाय, पण ध्यानात सगळं राहतं.
वरच्या खोलीत मणिपूरचे भाडेकरू. त्यांची लिन तुझ्याच नववीत. तूच सांगितलंस, आज मधल्या सुट्टीत तुमच्या वर्गातल्या पार्थने तिचा डबा हुंगला नि म्हणाला, "कुत्रं शिजवलंय का?" वर्ग हसला. तिने झाकण लावलं. उपाशीच राहिली पोर.

८ जुलै, मंगळवार
कालचं वाचून दाखव म्हटलं. शेवटची ओळ गायब! मी सांगितली होती, सायलीपण हसली. अगं, मी अडाणी हाय, बहिरी नाय. आता लिही. सायलीपण हसली.
तर उलटून मलाच, "आणि तू तिला चिनी म्हणून हाका मारतेस ते?"
"लाडाने गं."
"पार्थपण मस्करीच म्हणतो, आजी."
हातातला घास परत ताटात ठेवला. लिही तेपण. मीपण तिला चिनी म्हटलं. गाळू नको.

९ जुलै, बुधवार
आज बाईंनी वंशभेद शिकवला. चेहऱ्यावरून, खाण्यावरून माणसाला हलकं धरायचं, तो. वर्गात काय पाहिलं ते प्रत्येकाने कागदावर लिहा म्हणाल्या. तुझा कागद कोरा. का, तर पार्थ भावकीतला, गणपतीत एका पंगतीला बसता.
संध्याकाळी गुडघे धरत जिना चढले. नावाने हाक मारली, लिन. म्हटलं, चुकलं माझं. "इट्स ओके, आजी." दार अर्धंच उघडलं.
लग्नाआधी जासईहून सुकटीची पाटी घेऊन एसटीने पनवेलच्या बाजाराला यायचे. बाया नाकाला पदर लावायच्या. मीपण म्हणायचे, काय नाय, चालतंय. नि घरी आल्यावर...
राहू दे.

१० जुलै, गुरुवार
लिन आज शाळेत गेली नाय. तिची आई म्हणते, महिनाअखेर खोली सोडतो, उलव्याला दुसरी बघतो. तिकडची पोरं वेगळी असतील का?
तू म्हणतेस, उद्या वर्गात उभी राहून सांगते. पार्थचं नाव, नि स्वतःचंपण. बघू.
आईला सांग, उद्या डब्यात सुक्या जवळ्याची चटणी नि तांदळाच्या चार भाकऱ्या. वास जाऊ दे वर्गभर. दोन तुझ्या, दोन लिनच्या. ती नाय आली शाळेत, तर तिच्या दोन वर पाठवा. झाकण न लावता.