आयची कॅसेट

मस्कत, शुक्रवार संध्याकाळ, १९८४

आयने गावाहून बोलून पाठवलेली कॅसेट परत लावली. साखरेच्या आजाराने तिचे डोळे चाललेत, तरी मुंबईच्या हॉस्पिटलातल्या लेझरच्या दोन तारखा चुकवल्या तिने. का, तर डोळ्यांत थेंब टाकले की दिवसभर धूसर दिसतं, मग आगाशीच्या बाजारात मासळी कशी विकणार? मी इथून काय करणार होतो?

पण आता हॉस्पिटलात परत जायला लागलीय. तिथून तशीच येऊन टोपलीपाशी बसते आणि मासा बोटांनी ओळखते! गिऱ्हाईक बोललं, "मावशी, बघत नाय काय?" तर म्हणे, "तुला डोले हायत ना, तू बघ!"

काय बाई आहे! ती बोटंच डोळ्यांसमोर येतात सारखी.

कॅसेटच्या शेवटी हळूच बोलली, "बाबू, मासा हातानं कलतो. तुजं तोंड मना डोल्यांनी बगायचं हाय."