शकुमावशींना घरी पाठवलं

४ डिसेंबर, कामशेत
आज रुजू झाले! दवाखाना लहान, पण स्वच्छ. वॉर्डाच्या खिडकीतून भातखाचरं आणि मागचा डोंगर दिसतो. सिस्टर म्हणून माझी पहिलीच नोकरी, आणि पहिल्याच दिवशी एक मावशी मिळाल्या. वडिवळ्याच्या शकुबाई. जन्म चुलीपुढे गेला, त्यात फुप्फुसं निकामी झाली. ऑक्सिजन लावला की गप्पांना बसतात. त्यांचे मालक धोंडिबा आबा पेरूच्या फोडी करून भरवतात, तेव्हा मावशी या वयातही लाजतात.

९ डिसेंबर
मावशींना घरी सोडलं. चुलीचा धूर टाळा, असं आबांना बजावलं. "व्हय, आता समदं गॅसवरच," म्हणाले.

१५ डिसेंबर
मावशी पुन्हा दाखल. ओठ निळे. घरी गॅस आहे, पण पाणी तापवायला चूल पेटतेच, शेजारच्या घरांतही. डॉ. माधवी म्हणाल्या, या आजाराचे पेशंट असेच परत येतात, मनाला लावून घेऊ नकोस. मावशी धापत म्हणाल्या, "मला घरी धाडू नगंस गं. हितं लय बरं वाटतं." मी हो म्हणाले.

२० डिसेंबर
तब्येत सुधारली म्हणून डिस्चार्ज दिला. मावशींनी खाटेची कड धरून ठेवली होती. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

२२ डिसेंबर
मावशी गेल्या. घरीच, अॅम्ब्युलन्स पोचायच्या आधी. औषधं वाटताना दोनदा रडू आलं.

२६ डिसेंबर
दुपारी आबा आले. हात असा धरलेला, जणू कुणाला आधार देत आणलंय. रिकाम्या खाटेशी थांबले. "घरात सारखी धापतीय. लाव की तिला." त्यांचं मन मोडवेना. मास्क उशीवर ठेवला, ऑक्सिजन सुरू केला.
मास्क आतून वाफेने धूसर झाला. निवळला. पुन्हा धूसर झाला. उशीला खळगा पडला होता.

२८ डिसेंबर
डॉक्टरांना मास्क कोरडाच दिसतो. त्या बंद करायला सांगतात. बंद केला की मला धाप ऐकू येते, म्हणून चोरून चालू ठेवते. आबा रोज फोडी भरवतात. फोडी चादरीवर पडतात.

२९ डिसेंबर
डोंगरातल्या पाड्यावरची बाया नावाची बाई — गुदमरत आणली. दुसरा ऑक्सिजन मोकळा नव्हता. उशीवरचा मास्क मीच उचलला. मागून आवाज आला — धाप, मग विनवणी — मी वळले नाही. बाया वाचली.
आबा दारात होते. "आता तिला कुटं नेऊ?"
माझ्या तोंडून निघून गेलं — माझ्या खोलीवर.

३१ डिसेंबर
आणलं त्यांनी. कॉटवर बसवलं, नसलेला पदर सारखा केला, डोळे पुसत गेले.
छाती आवळतेय. खिडक्या सगळ्या उघडल्या — तरीही —

१ जानेवारी
आरशात ओठ निळे. मावशी दिसतात आता. उशाशी. धापत नाहीत —
पळून जावं — पण पुन्हा त्यांना घरी पाठवू — कशी —
आबांना कळवायला हवं. मावशींना मोकळा श्वास येतोय. माझ्या —