सहीच्या वरचा मजकूर

प्रिय चिमणे,

पाकिटावरचं माझं नाव वाचून कपाळाला आठ्या घातल्या असशील. एकाच शहरात राहतो, दोघांकडे फोन आहेत, आणि या म्हाताऱ्याला पत्राचं खूळ कुठून सुचलं? तर फोनवर तू मला एक वाक्य धड पूर्ण करू देत नाहीस, हे एक. दुसरं असं की, जे लिहायचंय ते तुझा आवाज ऐकत असताना माझ्या तोंडून निघणार नाही.

काल चौकशी समितीपुढे माझी साक्ष झाली. तुझी गुरुवारी आहे. तुझ्या दादाच्या मृत्यूचा पोलिसांनी केलेला तपास बाहेरच्या कुणीतरी पाहावा म्हणून सतरा वर्षं तू अर्ज करत राहिलीस, आणि आता खरंच तीन माणसं ते कागद उलगडून बसली आहेत: एक निवृत्त न्यायाधीश, एक डॉक्टरीणबाई आणि एक लिफ्टचा इंजिनियर. दादाने उडी मारली की तो पडला, हे आम्ही ठरवणार नाही, असं न्यायाधीशांनी सुरुवातीलाच सांगितलं. पोलिसांनी ते कसं ठरवलं, एवढंच बघणार. पण ते ठरवणं चुकीचं निघालं तर दादाच्या नावापुढचा 'आत्महत्या' हा शब्द खोडला जाईल, आणि तुला तेवढंच तर हवंय.

आत बोलावेपर्यंत पाऊण तास बाकावर बसलो होतो. समोर जिना होता, आणि मला आपल्या इमारतीतला जिना आठवत राहिला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर दादा आपली हत्यारं पसरून बसायचा, आणि ये-जा करणारा प्रत्येक जण त्याला शिव्या घालत पाय उचलून जायचा. तुझी आई तर रोज म्हणायची, एक दिवस कुणीतरी पाय मोडून घेणार. तू त्याला पाने काढून द्यायचीस, तेही नंबर न बघता. मी तिथे बसायचो त्याच्यासाठी, असं सगळ्यांना वाटायचं. बरं, आता या वयात काय लपवायचं, थोडा तुझ्यासाठीही बसायचो. त्याला ते कळलं होतं. त्याने कधी चिडवलं नाही, फक्त मला ढब्बू म्हणायचा, ते तुझ्यासमोर जरा जास्त मोठ्याने.

दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी चार मजले चढून यायचा. धापा टाकत म्हणायचा, जगाला वर नेतो आणि मला कुणी विचारत नाही! एकदा त्याच्याबरोबर कामावर गेलो होतो. लिफ्टचं दार उघडलं आणि मी सवयीने पाऊल टाकणार, तोच त्याने माझी कॉलर धरून मागे ओढलं. आधी खाली बघ, मग पाय टाक, म्हणाला, आणि डोक्यात टपली मारली. लिफ्ट समोरच उभी होती, तरीही. असा माणूस तो. काल हे समितीला सांगितलं, तेव्हा इंजिनियरने मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

मग त्याने पाचव्या मजल्यावरच्या, दादा ज्यातून खाली गेला त्या लिफ्टच्या दाराचं विचारलं. लिफ्ट नसतानाही ते दार उघडत होतं, खटका झिजला होता, आणि दादाने आठ दिवस आधी त्या इमारतीच्या मालकाला तसं लेखी कळवलं होतं. तो खटका आम्ही पोलिसांनी तपासलाच नाही. पंचनामा दुसऱ्या दिवशी झाला, तोवर मालकाने नवा बसवला होता. मी ठाण्यात रायटर होतो, साहेब सांगतील ते लिहून काढणारा. पण डोळे काही साहेबांना दिले नव्हते. नवा खटका चकचकत होता, मी पाहिला आणि लिहिला नाही. साहेब आता हयात नाहीत, सगळं त्यांच्यावर ढकलणं सोपं होतं. नाही ढकललं. एवढं तरी तू माझ्या बाजूने मोज.

आता त्या दुपारचं. तू जबाब द्यायला आलीस, तेव्हा पाण्याचा पेला दोनदा सांडलास. आमच्याकडे एक पद्धत होती. ओळखीतलं, दुःखातलं माणूस असलं की त्याला ताटकळत ठेवायचं नाही. सांगेल ते एका चिठ्ठीवर टिपायचं, कोऱ्या कागदाच्या तळाशी सही घ्यायची, आणि जबाब नंतर सावकाश लिहून काढायचा. आम्ही त्याला माणुसकी म्हणायचो. मीच तुला म्हणालो, सही करून घरी जा, बाकीचं मी बघतो. तू माझ्याकडे न बघता सही केलीस. माझ्यावर विश्वास होता ना.

तू म्हणाली होतीस की दादा दोन दिवस गप्प होता आणि जेवत नव्हता, कारण त्याची दाढ ठणकत होती, आणि दुसऱ्या दिवशी तो दाताच्या डॉक्टरकडे जाणार होता. चिठ्ठीवर मी ते सगळं टिपलं होतं. संध्याकाळी साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि जबाब सांगायला लागले: माझा भाऊ दोन दिवस गप्प होता, जेवत नव्हता. आणि पूर्णविराम. मी म्हणालो, साहेब, दाढ राहिली. ते म्हणाले, दाढेने का कुणी मरतं? खोलीतले सगळे हसले. मीही हसलो, चिमे. मग तुझ्या सहीच्या वर तेवढंच लिहिलं आणि चिठ्ठी फाडली. पुढे जबाबाची प्रत मागायला तू चार वेळा आलीस, आणि कागद वरच्या कार्यालयात गेलेत, असं मी चारही वेळा सांगितलं. ते माझ्या मागच्या कपाटात होते.

हे सगळं काल समितीला सांगून झालंय. गुरुवारी तो कागद तुझ्यापुढे ठेवतील, तेव्हा घाबरू नकोस. सही तुझी आहे, वाक्य तुझं नाही, हे त्यांना ठाऊक आहे. आता अहवालात काय यायचं ते येईल, आणि माझं पेन्शन गेलं तर ते मी बघून घेईन.

समितीने जे विचारलं नाही, ते आता तुला सांगतो. त्या आठवड्यात तुझी आई मावशीकडे होती. दाढेचं तिला काहीच माहीत नव्हतं. ती परतल्यावर ठाण्यात आली आणि साहेबांनी तिला तो जबाब वाचून दाखवला. तुमची मुलगीच सांगतेय, म्हणाले. मी शेजारच्या टेबलाशी बसलो होतो. तिने एकच विचारलं: लेकरू दोन दिवस उपाशी होतं, आणि हिने मला कळवलं नाही? त्यानंतर ती बारा वर्षं जगली आणि तुझ्याशी कामापुरतंच बोलली. तुझे अर्ज पाहिले की तोंड फिरवायची. तू मला कितीदा विचारलंस, ढब्बू, माझं काय चुकलं रे? आणि मी दरवेळी म्हणालो, दुःखाने माणूस असा होतो. तुझं काहीही चुकलं नव्हतं. ती जे ऐकून गेली, ते तू म्हणाली नव्हतीस. एक वाक्य बोललो असतो तर तिने तुला जवळ घेतलं असतं, आणि ते बोलायला माझ्याकडे बारा वर्षं होती.

तुझाच, तू ठेवशील तर,
ढब्बू