पदरचं लिहू नये

३ एप्रिल

कुठल्याशा मुलींच्या शाळेचा गठ्ठा संपला एकदाचा! साठ उत्तरपत्रिका. प्रश्न चौथा – कादंबरीतील कोंडलेपणाचे आशयसूत्र सोदाहरण स्पष्ट करा. गुण दहा. कादंबरी तीच, दीडशे वर्षांपूर्वीची. घराचा मालक सख्ख्या बहिणीला माडीवर कोंडतो आणि पाहुण्यांना सांगतो, ती वारली. सगळ्या जणींनी गाइडातलं ओकलंय – 'अंधारं घर म्हणजे माणसाचं मन.' ना कुणी घर पाहिलं, ना मन!

एकीने मात्र भलतंच लिहिलंय. दाराखालून फक्त चपटं जातं, वाटी जात नाही. म्हणून बहिणीला पाणी द्यायचं तर फडकं भिजवून आत सरकवायचं. ती ते पिळून पिते. कादंबरीत कुठंय हे? दहापैकी दोन. शेरा – 'पदरचं लिहू नये.'

४ एप्रिल

ते फडकं डोक्यातून जाईना.

५ एप्रिल

कादंबरी पहिल्यापासून पुन्हा वाचली. फडकं नाहीच. तिथे नोकर दार उघडून ताट ठेवतो. उत्तरपत्रिका परत काढली. शेवटची ओळ मी परवा वाचलीच नव्हती, दोन गुण देऊन मोकळा झालो होतो – 'बाबा घरी असले की ती हाका मारत नाही, नुसतं नखाने दार खरवडते.'

बाबा! कादंबरीतला बाप तर पहिल्याच प्रकरणात मेलाय.

तीस वर्षं वर्गात घसा फोडून सांगतोय – त्या घरात सगळ्यांत भयंकर कोण? जेवायला बसलेले पाहुणे. वरचं खरवडणं त्यांना ऐकू येतं आणि ते पुन्हा वाढून घेतात. आणि मी काय केलं? गुण कापले. स्वतःची लाज वाटते.

६ एप्रिल

मुख्य परीक्षकांकडे गेलो. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, सांकेतिक क्रमांक असतो. नावांची यादी त्यांच्या कपाटात, मोहोरबंद. "भुताखेतांचं शिकवून शिकवून तुम्हालाच झपाटलं की काय, सर!" खो खो हसले. कॉपीचं प्रकरण असेल तरच नाव उघडता येतं म्हणे.

बायकोला सांगितलं. "पोरीचं वर्ष जाईल हो." मग म्हणाली, "गेलं तर जाऊ दे."

७ एप्रिल

कॉपीचा आरोप लिहून दिला. धादांत खोटा. खाली सही केली.

११ एप्रिल

नाव उघडलं. मला सांगत नाहीत – "चौकशीला येईलच की, पालकांना घेऊन." कारकून सहज बोलून गेला, नोटीस परवाच गेली, उत्तरपत्रिकेची प्रत जोडून, वडिलांच्या नावे. नियमच आहे तसा.

मला ठाऊक होता तो नियम! अशा नोटिशी मीच लिहून दिल्यात पूर्वी. कुठे शेण खाल्लं मी!

पोलीस चौकीत धावलो. नाव? नाही. पत्ता? नाही. "मग झडती काय तुमच्या पुस्तकाची घेऊ?" हवालदार म्हणाला.

१२ एप्रिल

जेवण गेलं नाही.

१५ एप्रिल

चौकशी. वडील एकटेच आले. इस्त्रीचा सदरा, मऊ आवाज, सगळ्यांना नमस्कार. मी विचारलं, मुलगी का नाही आली?

"दोघी घरीच आहेत," म्हणाले.

मी एकीबद्दलच विचारलं होतं.